एका रात्रीचे अंतर

"आता रेल्वेने कोण जातं, फादर?" हा प्रश्न आपल्या धर्मग्रामांतील घराघरांतून इतक्या सहजपणे विचारला जाऊ लागला आहे की, विचारणाऱ्याला त्याच्या उत्तराची अपेक्षाही नसते. मुलगा पुण्याला नोकरीत असतो, मुलगी मुंबईला किंवा हैदराबादला संसारात असते. नाताळ जवळ येतो किंवा नातवाचा स्नानसंस्कार ठरतो, आणि तिकडून निरोप येतो, "आईबाबा, रेल्वेची दगदग करू नका. विमानाचे तिकीट काढून पाठवतो." ह्या निरोपामागे प्रेम आहे ह्याबद्दल मला यत्किंचितही शंका नाही. तथापि त्या प्रश्नाला खरेखुरे उत्तर आहे आणि ते देण्याची वेळ आली आहे. रेल्वेने कोण जाते, हे ज्याला पाहायचे असेल त्याने संध्याकाळी नागपूर स्थानकावर मुंबईकडे जाणाऱ्या गाडीच्या जनरल डब्यासमोर दहा मिनिटे उभे राहावे. वीटभट्टीवरचा मजूर जातो, परीक्षेला निघालेला बेरोजगार तरुण जातो, कर्करोगाच्या उपचारासाठी परळच्या टाटा रुग्णालयाकडे निघालेली बाई जाते. रेल्वेने जाणे बंद केले आहे ते आपण, आणि "कोण जातं?" ह्या प्रश्नातील 'कोण' ह्या शब्दात ह्या माणसांची गणना होत नाही. माझा वाद तेथून सुरू होतो.

माझे म्हणणे प्रथमच स्पष्ट मांडतो, म्हणजे वाचकांना शोधत बसावे लागणार नाही. ज्या गावी रेल्वेने एका रात्रीत पोहोचता येते, त्या गावी विशेष निकड नसताना विमानाने जाऊ नये. मी ह्याला एका रात्रीचा नियम म्हणतो. हिंदुस्थानात हा नियम पाळणे ज्यांना सर्वांत सोपे आहे अशा शहरांत आपले नागपूर अग्रभागी आहे. शून्य मैलाचा दगड आपल्याकडे उगाच उभा नाही. मुंबई-हावडा आणि दिल्ली-चेन्नई हे दोन्ही लोहमार्ग येथे एकमेकांना छेदतात. रेल्वेने मुंबई ८३७ किलोमीटर; दिल्ली, चेन्नई आणि हावडा प्रत्येकी सुमारे अकराशे. हैदराबाद, भोपाळ, रायपूर तर त्याहून जवळ. संध्याकाळी निघालेला नागपूरकर दुसऱ्या दिवशी देशाच्या बहुतेक मोठ्या शहरांत असतो. १८६७ साली मुंबईहून रेल्वे नागपुरास पोहोचली, आणि १८८७ साली, म्हणजे ज्या वर्षी नागपूर धर्मप्रांताची स्थापना झाली त्याच वर्षी, बंगाल-नागपूर रेल्वे कंपनी उभी राहिली. हे शहर आणि येथील आपला ख्रिस्ती समाज ह्या दोहोंच्याही वाढीत रुळांचा मोठा हात आहे. अजनी आणि मोतीबागच्या वसाहतींत ज्यांचे आजोबा ड्रायव्हर, गार्ड, फिटर होते अशी कुटुंबे आपल्यात आजही आहेत.

ह्या नियमावर तीन आक्षेप हमखास घेतले जातात. पहिला वेळेचा. विमान दीड तासात मुंबईला पोहोचते आणि रेल्वेला अकरा ते चौदा तास लागतात, हे बिनतोड वाटते. परंतु हिशेब पूर्ण मांडा. सोनेगावच्या विमानतळावर उड्डाणाच्या दोन तास आधी पोहोचायचे, तपासणीच्या रांगेत पट्टा आणि बूट काढायचे, मुंबईत उतरल्यावर सामानाची वाट पाहायची, आणि मग वसईला किंवा कल्याणला जायचे असेल तर आणखी दीड-दोन तास वाहतुकीत घालवायचे. सहा तास झाले, आणि तेही दिवसाचे, जागेपणीचे, कामाचे. दुरांतोने रात्री जेवणाच्या सुमारास निघालेला माणूस सकाळी मुंबईत असतो. त्याचे अकरा तास गेले खरे, पण त्यांतले सात-आठ तास तो घरीही झोपण्यातच घालवणार होता. रात्रीची गाडी झोपेचा वेळ प्रवासाला देते, विमान कामाचा वेळ प्रवासाला देते. कोणते स्वस्त, हे ज्याने त्याने ठरवावे.

उरलेले तीन-चार तास 'वाया जातात' असे म्हणणाऱ्यांना मी एवढेच विचारीन की, आपल्या घरी तीन तास शांतपणे बसून वाचन, प्रार्थना किंवा पत्नीशी संभाषण कोणत्या दिवशी होते? १० सप्टेंबर १९४६ रोजी दार्जिलिंगकडे जाणाऱ्या गाडीत एका लोरेटो भगिनीला गरिबांतील गरिबांसाठी सर्वस्व सोडण्याची हाक ऐकू आली. त्या पुढे मदर तेरेसा झाल्या. प्रत्येक प्रवाशाला अशी हाक येईल असे मी म्हणत नाही. पण ज्या डब्यात चार अनोळखी माणसे समोरासमोर बसतात, तेथे दुसऱ्याचे दुःख कानावर पडण्याची शक्यता तरी असते.

दुसरा आक्षेप पैशाचा. "दुसऱ्या वर्गाच्या वातानुकूलित डब्याचे भाडे आणि विमानाचे भाडे ह्यांत फरकच किती?" असे विचारले जाते. ह्या आक्षेपात तथ्य आहे आणि त्याचा दोष रेल्वेच्या माथी आहे. सप्टेंबर २०१६ पासून राजधानी, शताब्दी आणि दुरांतो गाड्यांना बदलते भाडे लागू झाले. जसजशा जागा भरत जातात तसतसे भाडे चढते, सुरुवातीला तर ते मूळ भाड्याच्या दीडपटीपर्यंत चढे. ही विद्या रेल्वेने विमान कंपन्यांकडून उचलली. सार्वजनिक सेवेने व्यापाऱ्याची नक्कल केली की, व्यापाऱ्याचाच फायदा होतो, कारण नकलेपेक्षा अस्सल माल बरा असे गिऱ्हाईक म्हणते. परंतु वाचकहो, हा युक्तिवाद फक्त वरच्या वर्गाच्या प्रवाशाचा आहे. स्लीपरचे तिकीट काढणाऱ्याला विमानाचे भाडे कितीही उतरले तरी ते कित्येक पट महागच. २०१७ साली छोट्या शहरांसाठी 'उडान' योजनेची विमाने सुरू झाली तेव्हा हवाई चप्पल घालणाराही हवाई जहाजात बसेल असे आश्वासन देण्यात आले होते. हवाई चप्पल घालणारा आज कोठे बसतो, हे पुन्हा त्या जनरल डब्यासमोरच पाहावे लागेल.

तिसरा आक्षेप गैरसोयीचा आहे, आणि तो सर्वांत प्रामाणिक आहे. शौचालये घाण असतात. गाडी उशिरा येते. आरक्षित डब्यात विनाआरक्षित प्रवासी शिरतात. प्रतीक्षा यादीतले तिकीट पक्के होईल की नाही ह्याची शाश्वती नसते. एकट्या स्त्रीला रात्री वरच्या बर्थवर डोळा लागत नाही. ह्यांतली एकही तक्रार मी खोटी म्हणणार नाही. धर्मगुरू म्हणून मी आयुष्यभर ह्याच गाड्यांनी हिंडलो आहे. तक्रार खरी आहे, तिच्यातून काढलेला निष्कर्ष मात्र खोटा आहे. घरातील नळ गळू लागला तर आपण प्लंबर बोलावतो, घर सोडून जात नाही. रेल्वेच्या बाबतीत मात्र ज्यांना घर सोडणे परवडते ते सोडून गेले, आणि गळका नळ ज्यांना जाता येत नाही त्यांच्या वाट्याला आला.

माझ्या म्हणण्याचा गाभा येथे आहे. कोणतीही सार्वजनिक सेवा तिचा उपयोग करणाऱ्यांच्या आवाजावर टिकते. ज्याला अर्ज लिहिता येतो, ज्याचा मेहुणा वर्तमानपत्रात आहे, ज्याला खासदाराच्या दारात उभे राहण्याचा संकोच वाटत नाही, असा माणूस जोपर्यंत त्या रांगेत उभा असतो तोपर्यंत रांगेची दखल घेतली जाते. तो निघून गेला की, रांग तेवढीच लांब राहते, फक्त मुकी होते. नगरपालिकेच्या शाळांचे काय झाले ते आपण पाहिले. एके काळी त्याच शाळांतून शिकलेल्या मध्यमवर्गाने आपली मुले तेथून काढून घेतली, आणि त्यानंतर त्या शाळांच्या गळक्या छपरांची बातमी होईनाशी झाली. सरकारी दवाखान्यांची गोष्ट वेगळी नाही. आता रेल्वेची पाळी आहे. विमानाचे तिकीट काढताना आपण केवळ वाहन बदलत नाही, आपण आपला आवाज एका ठिकाणाहून काढून दुसऱ्या ठिकाणी नेतो. विमान उशिरा सुटले तर त्याच दिवशी दूरदर्शनवर बातमी येते. पॅसेंजर गाडी चार तास आउटरला उभी राहिली तर तिची बातमी कोण देणार?

हा विचार नवा नाही. पुढे आपल्या वर्ध्याजवळ सेवाग्रामला येऊन राहिलेल्या महात्मा गांधींनी १९१७ साली तिसऱ्या वर्गाच्या प्रवासावर एक लेख लिहिला. आफ्रिकेतून परतल्यावर दोन-अडीच वर्षे ते मुद्दाम तिसऱ्या वर्गाने देशभर हिंडले होते. त्या लेखात त्यांनी डब्यातील घाण आणि गर्दीचे वर्णन केले, आणि उपाय असा सुचवला की व्हाइसरॉयपासून राजेमहाराजांपर्यंतच्या मोठ्या लोकांनी अधूनमधून, पूर्वसूचना न देता, तिसऱ्या वर्गाने प्रवास करावा. मग सुधारणा व्हायला वेळ लागणार नाही. ह्याच विचाराचा एक पुरावा आपल्याच महाराष्ट्रातील आहे. प्राध्यापक मधु दंडवते १९७७ ते १९७९ ह्या काळात रेल्वेमंत्री होते. तोपर्यंत दुसऱ्या वर्गाच्या शयनयानात लाकडी फळ्यांवर झोपावे लागे. दंडवते ह्यांनी त्या फळ्यांवर दोन इंच फोमची गादी घालण्यास सुरुवात केली. त्यांनी गरिबाला वरच्या वर्गात नेण्याची भाषा केली नाही. गरीब ज्या फळीवर झोपतो ती फळी मऊ केली. आज जो कोणी स्लीपरने प्रवास करतो तो त्या दोन इंचांवर झोपतो. असा मंत्री निर्माण होण्यासाठी ज्या समाजातून मंत्री येतात त्या समाजाने फळीवर झोपलेले असावे लागते.

आवाज असणारे आणि नसणारे ह्यांतील अंतर किती भयंकर होऊ शकते, हे मे २०२० मध्ये आपण दोन दिवसांत पाहिले. कोरोनाच्या टाळेबंदीत ७ मे रोजी परदेशांत अडकलेल्या भारतीयांना आणणारी खास विमाने सुरू झाली. त्यांना आणणे योग्यच होते. दुसऱ्या दिवशी पहाटे करमाडजवळ, तेव्हाच्या औरंगाबाद जिल्ह्यात, मध्य प्रदेशातील सोळा मजूर मालगाडीखाली चिरडले गेले. जालन्याहून ते रुळांच्या कडेने भुसावळकडे पायी निघाले होते. तेथून गावाकडे जाणारी श्रमिक गाडी मिळेल ही त्यांची आशा. गाड्या बंद आहेत अशा समजुतीने थकून ते रुळांवरच झोपले. रुळांवर विखुरलेल्या त्यांच्या भाकऱ्यांचे छायाचित्र ज्याने पाहिले तो ते विसरणार नाही. 'रेल्वेने कोण जातं?' ह्या प्रश्नाचे ते उत्तर आहे. ते गाडीत बसण्यासाठी चालत निघाले होते.

कोणी म्हणेल, जगाची दिशा विमानाकडे आहे, प्रवाहाविरुद्ध पोहून काय मिळणार? म्हणून जरा युरोपकडे पाहू, कारण विमानाच्या मोहात आपल्याआधी तेथील लोक पडले. युरोपात एके काळी रात्रीच्या गाड्यांचे जाळे होते. स्वस्त विमान कंपन्या आल्या आणि प्रवासी तिकडे वळले. युरोपीय संघाच्या २००३ च्या नियमाने व्यापारी विमानांच्या इंधनाला करमाफी दिली, तर रेल्वे अनेक देशांत विजेवर कर भरत राहिली. असमान तराजूवर रेल्वे हरली ह्यात नवल नाही. जर्मन रेल्वेने डिसेंबर २०१६ मध्ये आपल्या शयनगाड्या बंद केल्या. मग पर्यावरणाची चिंता वाढली आणि गाडी उलटी फिरली. त्याच वेळी छोट्या ऑस्ट्रियाच्या रेल्वेने जर्मनांच्या काही शयनगाड्या चालवायला घेतल्या. फ्रान्सने २०२१ साली कायदा केला की जेथे रेल्वेने अडीच तासांत जाता येते तेथे देशांतर्गत विमान नको; २०२३ मध्ये तो अमलात आला आणि पॅरिसच्या ओर्ली विमानतळावरून बोर्दो, नांत व ल्यों ह्या तीन शहरांची विमाने थांबली. तीनच मार्ग, म्हणून टीकाकार हसले. पण तत्त्व मान्य झाले. पॅरिस-व्हिएन्ना ही रात्रीची गाडी २०२१ च्या डिसेंबरात थाटात पुन्हा सुरू झाली, आणि फ्रेंच सरकारने मदतीचा हात काढून घेताच २०२५ च्या डिसेंबरात ती परत थांबली. एकदा मोडलेली घडी पुन्हा बसवणे श्रीमंत देशांनाही किती कठीण जाते, हे ह्यावरून दिसते. डबे नव्याने बांधावे लागतात, माणसे नव्याने शिकवावी लागतात, प्रवाशाची सवय नव्याने लावावी लागते. जे गमावून युरोप आज हळहळतो आहे, ते आपल्या नागपूर स्थानकावर दररोज संध्याकाळी फलाटाला लागते. विदर्भ एक्सप्रेस, सेवाग्राम, दुरांतो ही आपली ठेव आहे. ती मोडीत काढून वीस वर्षांनी पुन्हा मागत बसण्यात शहाणपण नाही.

पृथ्वीचा प्रश्न ह्यालाच जोडून येतो. विमानाला जमिनीवरून वर चढतानाच सर्वाधिक जोर लावावा लागतो; म्हणून प्रवास जितका छोटा तितका दर किलोमीटरमागे जळणाऱ्या इंधनाचा वाटा मोठा. नागपूर-मुंबईसारख्या अंतरात विमान नीट स्थिरावते न स्थिरावते तोच उतरू लागते. एका माणसामागे हवेत सोडलेल्या धुराचा हिशेब केला तर विमान रेल्वेच्या कित्येक पट पुढे जाते. रेल्वेची वीजही कोराडी-चंद्रपूरसारख्या केंद्रांत जळणाऱ्या कोळशातून येते हे खरे. विदर्भातल्या माणसाला ते सांगायला नको, त्याच्या गच्चीवर ती राख पडते. पण तोच कोळसा हजार-दीड हजार माणसांना एकदम घेऊन जातो. मे महिन्यात पंचेचाळीस अंशांत पत्र्याच्या छपराखाली राहणाऱ्याने विमान कधी पाहिलेले नसते, तरी विमानाच्या धुराने वाढलेली उष्णता त्याच्याच अंगावर येते. पोप फ्रान्सिस ह्यांनी २०१५ च्या 'लाउदातो सी' ह्या परिपत्रात सार्वजनिक वाहतुकीचा वापर हा सृष्टीविषयीच्या प्रेमाच्या साध्या दैनंदिन कृतींत गणला आहे. त्याच परिपत्रात त्यांनी हेही बजावले की, अनेक शहरांत सार्वजनिक वाहतुकीतील गर्दी, गैरसोय आणि असुरक्षितता माणसाच्या प्रतिष्ठेला शोभत नाही, आणि ती सुधारल्याखेरीज लोक तिकडे वळणार नाहीत. दोन्ही वाक्ये एकत्र वाचावीत. फक्त पहिले वाचणारा उपदेशक होतो आणि फक्त दुसरे वाचणारा सबब शोधणारा.

म्हणून रेल्वेलाही चार शब्द सुनावले पाहिजेत. साठ वर्षांवरील पुरुषांना भाड्यात चाळीस टक्के आणि अठ्ठावन्न वर्षांवरील स्त्रियांना पन्नास टक्के सवलत होती. मार्च २०२० मध्ये साथीच्या कारणाने ती काढून घेतली गेली. साथ ओसरली, गाड्या भरून वाहू लागल्या, तरी वर्षामागून वर्षे ती परत आली नाही. प्रवासाच्या खर्चापैकी सरासरी ५७ टक्केच भाड्यातून वसूल होतात, असे रेल्वे तिकिटावरच छापत आली. जणू प्रत्येक प्रवाशाला त्याच्या ऋणाची आठवण करून द्यायची! नव्या विमानतळाच्या उद्घाटनाच्या कोनशिलेवर असा हिशेब कोरलेला कोणी पाहिला आहे काय? अनेक गाड्यांतून स्लीपरचे डबे कमी होऊन त्या जागी वातानुकूलित डबे आले. ऑगस्ट २०२५ मध्ये अजनीहून पुण्याला वंदे भारत सुरू झाली, ह्याचा आनंदच आहे. पण ती दिवसाची, बसण्याच्या जागांची गाडी, आणि प्रवास बारा तासांचा. पुण्याला जाणाऱ्या विदर्भातील मुलामुलींना रात्रीचे बर्थ हवे आहेत. ते पुरेसे मिळाले नाहीत की, ज्याच्याकडे पैसा आहे तो विमानात बसतो आणि ज्याच्याकडे नाही तो ट्रॅव्हल्सच्या बसमध्ये. १ जुलै २०२३ च्या रात्री नागपूरहून पुण्याकडे निघालेली अशीच एक खासगी बस समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ उलटून पेटली आणि पंचवीस माणसे जळून गेली. रेल्वेत एक बर्थ कमी असणे ही कधीकधी जिवाशी गाठ असते.

सरकारच्या विकासाच्या कल्पनेलाही येथे प्रश्न विचारणे भाग आहे. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला देशातील पहिली प्रवासी गाडी धावली. बरोबर १७२ वर्षांनी, १६ एप्रिल २०२५ रोजी, अमरावतीच्या बेलोरा विमानतळाचे उद्घाटन झाले आणि मुंबईचे विमान सुरू झाले. सत्तर-बहात्तर आसनांचे ते विमान. अमरावतीहून मुंबईला रोज रात्री जाणारी रेल्वेगाडी एका फेरीत त्याच्या कित्येक पट माणसे नेते. विमानतळाला माझा विरोध नाही. परंतु त्याच विभागात, मूर्तिजापूरहून यवतमाळ आणि अचलपूरकडे जाणारी शकुंतला नावाची छोटी गाडी, जी शेतमजुराला आणि बाजारहाटाच्या बाईला परवडत असे, ती थांबली तेव्हा कोणत्या वजनदार आवाजाने हंबरडा फोडला? तिच्या प्रवाशांना वर्तमानपत्रात पत्र लिहिता येत नव्हते.

विमानाची खरी जागा कोणती, हे नागपूरला कोणी शिकवायला नको. १९४९ साली रात्रीची टपाल विमाने सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रासहून निघालेली चार विमाने मध्यरात्री सोनेगावला एकत्र येत, टपालाच्या थैल्यांची अदलाबदल करीत आणि पहाटेपर्यंत आपापल्या शहरी परतत. सत्तरच्या दशकापर्यंत ही सेवा चालली. तेव्हा माणूस रेल्वेने जाई आणि निकडीचे पत्र विमानाने. आता पत्र क्षणात पोहोचते, आणि पत्राची निकड माणसालाच चिकटली आहे. खरी निकड असेल तर विमान जरूर वापरावे. आईच्या अंत्ययात्रेला पोहोचायचे आहे, हृदयविकाराच्या रुग्णाला हलवायचे आहे, पाय अधू असलेल्या वृद्धाला वरचा बर्थ मिळाला आहे, तेथे माझा नियम मी स्वतःच बाजूला ठेवीन. एका रात्रीच्या पलीकडच्या अंतराबद्दलही मी हट्ट धरत नाही. प्रश्न आहे तो निकड नसताना लागलेल्या सवयीचा. आणि ती सवयही किती बेभरवशाची! डिसेंबर २०२५ च्या पहिल्या आठवड्यात देशातील सर्वांत मोठ्या विमान कंपनीची हजारो उड्डाणे रद्द झाली. वैमानिकांच्या विश्रांतीच्या नव्या नियमांसाठी पुरेशी तयारी नव्हती. भाडी इतकी कडाडली की, ५०० ते १००० किलोमीटरसाठी १२,००० रुपयांची मर्यादा सरकारला घालावी लागली. त्या दिवसांत धावून आली ती रेल्वेच. जादा डबे जोडले गेले, जादा गाड्या सोडल्या गेल्या. रेल्वे हा आपल्या संकटकाळचा विमा आहे. मग त्याचा हप्ता फक्त गरिबांनीच का भरावा?

हा प्रश्न आपल्या धर्मग्रामाच्या उंबरठ्याच्या आतही शिरला आहे. २०२४ च्या नोव्हेंबरपासून २०२५ च्या जानेवारीपर्यंत जुन्या गोव्यात संत फ्रान्सिस झेवियर ह्यांच्या पवित्र अवशेषांचे दर्शन होते. यात्रेची यादी करायला बसलो तेव्हा एकाऐवजी दोन याद्या झाल्या, एक विमानाची आणि एक रेल्वेची. कोणाचे नाव कोणत्या यादीत जाणार, हे नावे लिहिण्यापूर्वीच सर्वांना ठाऊक होते. पूर्वी वेलांकनीला जाताना एकाच डब्यात डॉक्टरही असत आणि घरकाम करणाऱ्या भगिनीही. एकीच्या डब्यातले दुसरीच्या पानात पडे, रोझरी सर्वांची मिळून होई. एकाच वेदीभोवती गुडघे टेकणारी माणसे वेदीपर्यंत पोहोचण्याचे रस्ते वेगळे करू लागली, तर यात्रेला आपण केवळ पर्यटन का म्हणू नये? धर्मग्रामाच्या नावाने निघणारी प्रत्येक यात्रा यापुढे एकाच वाहनाने, आणि सर्वांत गरीब यात्रेकरूला परवडेल अशाच वाहनाने निघावी, असा माझा आग्रह आहे. ज्या वृद्धांना ते जमणार नाही त्यांच्या वातानुकूलित बर्थचा फरक इतरांनी मिळून भरावा.

बाकी मागणे थोडे आहे. पुढच्या वेळी मुलाचा निरोप आला की, त्याला कळवा, "विमान नको, खालचा बर्थ पाहा; आणि उरलेल्या पैशात तूच एकदा रात्रीच्या गाडीने इकडे ये." गाडीत बसल्यावर जे दिसेल त्याबद्दल गप्प बसू नका. घाणीची, अंधाऱ्या डब्याची, छेडछाडीची तक्रार १३९ ह्या क्रमांकावर तेथल्या तेथे नोंदवा. शेजारच्या डब्यातील ज्या बाईला ती नोंदवता येत नाही तिच्या वतीनेही नोंदवा. नागपुरात मध्य रेल्वे आणि दक्षिण पूर्व मध्य रेल्वे अशी दोन विभागीय कार्यालये आहेत. दोन्हीकडे प्रवाशांच्या सल्लागार समित्या असतात. आपल्या तरुण मंडळांनी आणि महिला मंडळांनी त्यांच्याकडे आणि आपल्या खासदारांकडे चार मागण्या लेखी द्याव्यात: ज्येष्ठांची सवलत, स्लीपर आणि जनरल डब्यांची संख्या, पुण्याला रात्रीच्या जादा गाड्या, आणि बदलत्या भाड्याचा अंत. अर्जाचा मसुदा मी तयार करून देतो. पण सह्या करणाऱ्याला अधिकारी पहिला प्रश्न विचारील, "आपण शेवटचा प्रवास रेल्वेने कधी केलात?" त्याचे उत्तर आपल्या खिशात तिकिटाच्या रूपाने असू द्या.